पोरगं मिलिटरीत लागलं, आता आईबापांनी काय करायचं?

आमच्याकडे 'भरती झाली' असं कुणी म्हणत नाही. 'पोरगं मिलिटरीत लागलं' म्हणतात. निकाल लागला की पेढे, गुलाल, चौकात फ्लेक्स. पुढे महिना-दोन महिन्यांनी एका पहाटे तेच पोरगं काळी पेटी घेऊन निघून जातं, आणि मागे राहिलेल्यांनी काय करायचं हे सांगायला कुणी नसतं. अकॅडमीवाले सोळाशे मीटर पळवून घेतात, बीम मारायला, म्हणजे आडव्या दांडीला लटकून अंग वर ओढायला लावतात, नऊ फुटी खड्ड्यावरून उडी घ्यायला शिकवतात, लेखीचे पेपर सोडवून घेतात. आईबापांची तयारी कुणी करून घेत नाही.

माझा धाकटा मुलगा अग्निवीर, म्हणजे चार वर्षांसाठी घेतलेला जवान, म्हणून बेळगावच्या मराठा लाइट इन्फन्ट्री रेजिमेंटल सेंटरमधून प्रशिक्षण पुरं करून बाहेर पडला. मी गडहिंग्लज तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेत शिकवते, मालक शेती बघतात. आमच्या घरात याआधी कुणी पलटणीत नव्हतं, त्यामुळे चुका करत करतच शिकलो. आता गावातली दुसरी पोरं लागली की त्यांच्या आया मला विचारायला येतात. त्यांना जे सांगते तेच इथे लिहिते आहे.

प्रत्येक केंद्राची रीत थोडी वेगळी असते हे आधीच सांगते. आमचं बेळगाव होतं. कुणाचं पोर नाशिक रोडच्या तोफखाना केंद्रात असेल, कुणाचं कामठीच्या गार्ड्समध्ये, कुणाचं अहिल्यानगरला, कुणाचं खडकीच्या बॉम्बे सॅपर्समध्ये. नौदलाची पोरं ओडिशात चिल्काला जातात. लष्करी पोलिसात लागलेल्या मुली बेंगळुरूला जातात. फोनचे वार, भेटीचे नियम, सुट्टीचे दिवस बदलतील. घरच्यांनी करायचं काम मात्र सगळीकडे तेच.

जाण्याआधी: कागद

रडायला पुढे वेळ मिळेल, आधी कागद बघा. सगळ्यात जास्त त्रास नावांचा होतो. दहावीच्या गुणपत्रिकेवर आईचं नाव एक, आधारवर दुसरं, रेशनकार्डावर तिसरं. माझं नाव माझ्याच आधारवर माहेरच्या आडनावानं होतं, आणि ते मुलाच्या भरतीत पुढे आलं. गुणपत्रिका हा पाया धरा आणि मुलाचं, वडिलांचं, आईचं नाव बाकी सगळीकडे त्याप्रमाणे करून घ्या. जन्मतारखाही तपासा. अधिवासाचा दाखला, जातीचा दाखला, पोलिसांचा चारित्र्य दाखला, अविवाहित असल्याचा दाखला, बँकेचं पासबुक, पॅन, पासपोर्ट आकाराचे भरपूर फोटो. मूळ कागदांचा एक संच, झेरॉक्सचे दोन, आणि सगळ्यांचे फोटो काढून घरातल्या एका मोबाइलवर. तिकडून अचानक निरोप येतो, 'अमुक कागद पाठवा', तेव्हा तुम्ही शेतात असता आणि कपाटाची किल्ली सापडत नाही.

भरतीचे फॉर्म भरताना वारसाचं नाव लिहावं लागतं. हा रकाना घरात कुणाला बघवत नाही. आमच्याकडे मालक उठून बाहेर गेले. पण तो नीट भरणं हे आईबापांचंच काम आहे. अग्निवीराला स्वतःच्या खिशातून हप्ता न भरता ४८ लाखांचं विमा संरक्षण असतं, आणि त्याची कागदोपत्री बाजू या एका रकान्यावर उभी असते. मुलासमोर बसा, नाव आणि नातं स्पष्ट अक्षरात लिहायला लावा, आणि मग चहा करा.

पेटी

काय आणायचं याची यादी पत्रासोबत येते. तिच्याबाहेर जाऊ नका. वर्दी, बूट तिकडे मिळतात. घरून द्यायच्या छोट्या गोष्टीच उपयोगी पडतात: दोन चांगली कुलपं आणि त्यांच्या जादा किल्ल्या, सुई-दोरा, नेलकटर, बनियनचे पुरेसे जोड, बूटपॉलिश आणि ब्रश, अंगाचा साबण वेगळा आणि कपड्यांचा वेगळा. कपड्यांवर नाव घालून द्या, कारण सगळ्यांचे बनियन सारखेच दिसतात. सोन्याची साखळी, महागडा मोबाइल, पन्नास लाडवांचा डबा यातलं काही नको. लाडू पहिल्या संध्याकाळीच संपतात. साखळीची मात्र रोज काळजी लागते.

बटण लावणं, कपडे धुणं, इस्त्री करणं, स्वतःचं ताट घासणं ही कामं जाण्याआधीचा महिनाभर त्याला करू द्या. आमच्या मुलाला पळण्याची भीती नव्हती. पहिल्या आठवड्यात तो रडकुंडीला आला तो कपडे धुण्यावरून, आणि त्याचा दोष माझा. घरात मी त्याला कधी बादलीला हात लावू दिला नव्हता.

आणि एक. निघायच्या दिवशी आमच्या मालकांनी पेटी स्वतःच्या खांद्यावर घेतली. केंद्रात पोचलो तर आत एक सुभेदार साहेब उभे होते, ते शांतपणे म्हणाले, "पेटी ज्याची आहे त्यानं उचलायची." मालकांना वाईट वाटलं. मला तेव्हा कळलं नाही, पण पुढच्या सात महिन्यांचा पहिला धडा तिथेच मिळाला होता.

पहिले आठवडे: काहीच कळत नाही

सुरुवातीला फोन जमा करून घेतात. पोचल्याचा एक फोन येतो, बहुतेक वेळा दुसऱ्याच कुणाच्या नंबरवरून आणि अर्ध्या मिनिटाचा, आणि मग शांतता. या शांततेत आईबाप काय काय करतात ते मी पाहिलं आहे आणि केलंही आहे. बेळगाव आमच्यापासून दोन तासांवर. संकेश्वरला हायवे धरला की सरळ. एका रविवारी मी बाजाराचं निमित्त काढून गेले आणि रिक्षावाल्याला कॅम्पातल्या रस्त्यानं फिरवायला लावलं. भिंत दिसली, झाडं दिसली, कुठूनतरी शिट्टी ऐकू आली. मी परत आले. त्या दिवशी मला बरं वाटलं नाही, उलट आठवडाभर झोप लागली नाही. जवळ असलात तरी जाऊ नका. पोरानं भिंतीपलीकडे मन लावायला सुरुवात केलेली असते.

आत काय चाललेलं असतं हे माहीत असलं की घाबरायला कमी होतं. पहाटे चार-साडेचारला उठणं, दाढी, बिछान्याची घडी, गिनती म्हणजे हजेरी, पीटी, नाश्ता, मग ड्रिल, हत्याराचा तास, वर्ग, दुपारचं लंगर, खेळ, संध्याकाळी पुन्हा गिनती, दिवे बंद. उस्ताद हा शब्द घरात लवकरच रुळेल. उस्ताद म्हणजे शिकवणारा हवालदार किंवा नायक, आणि पहिल्या दोन महिन्यांत त्याच्या तोंडून जितकी शिवी येते तितकीच मायाही असते, हे पोरांना उशिरा कळतं. रगडा म्हणजे शिक्षा. एकाच्या चुकीचा रगडा सगळ्या प्लाटूनला, म्हणजे तुकडीला, मिळतो. 'माझी चूक नसताना मला का?' हा प्रश्न तुमचं पोर तुम्हाला विचारणार आहे. उत्तर तयार ठेवू नका, त्याला ते तिथेच सापडतं. पायदळाच्या अग्निवीरांचं प्रशिक्षण साधारण ३१ आठवड्यांचं असतं. भिंतीवर कॅलेंडर लावा आणि आठवडे खोडा. आम्ही महिने मोजत होतो, ते संपतच नव्हते.

या दिवसांत पत्र लिहा. हे जुनाट वाटेल, पण मी शिक्षिका आहे आणि कागदावर माझा विश्वास आहे. आंतर्देशीय पत्र घ्या, वर त्याचा नंबर, नाव, कंपनी, प्लाटून नीट लिहा. आत घरातलं साधं लिहा: उसाला पाणी कधी दिलं, म्हैस कधी व्याली, शेजारच्या काकांच्या छपराचं काय झालं. 'तुझी फार आठवण येते' हे वाक्य एकदाच, शेवटी. फोन दोन मिनिटांत संपतो. पत्र त्याला रात्री पेटी उघडून पुन्हा वाचता येतं. आमच्यानं सगळी पत्रं जपून ठेवलीत. चौथ्या पत्राची घडी तर फाटत आली आहे.

दहा मिनिटांचा फोन

पुढे ठरावीक दिवशी फोन मिळू लागतो, बहुधा रविवारी. सगळा आधार या दहा मिनिटांत द्यायचा असतो, आणि घरोघर हीच दहा मिनिटं वाया जातात.

आमच्या पहिल्या खऱ्या फोनला आजी, आजोबा, मोठा भाऊ, वहिनी, आत्या असे सगळे स्पीकरभोवती बसलो. प्रत्येकानं 'जेवलास का?' विचारलं. पाच वेळा तो 'हो' म्हणाला. वेळ संपली. त्याला जे बोलायचं होतं ते राहून गेलं. त्यानंतर आम्ही नियम केला: एका रविवारी एकच माणूस बोलेल, बाकीचे शेवटी फक्त हाक मारतील. आणि पहिली चार मिनिटं घरच्यांनी गप्प बसायचं. चार मिनिटं गप्प बसणं किती अवघड असतं ते करून बघा. पोर आधी 'सगळं ठीक' म्हणतं, मग थोडं थांबतं, आणि त्या थांबण्यात तुम्ही बोलला नाहीत तर खरं काय ते सांगतं.

प्रश्न कसे विचारायचे? 'त्रास होतो का?' असं विचारू नका. त्रास होतोच. नेमकं विचारा. "बूट चावतात का अजून?" "दोरावर चढता आलं का?" "शेजारच्या कॉटवर कोण आहे, कुठला?" नेमक्या प्रश्नाला नेमकं उत्तर येतं, आणि पोराला कळतं की मागच्या वेळचं घरच्यांनी लक्षात ठेवलं आहे. मी एक वही केली होती. प्रत्येक फोननंतर दोन ओळी लिहायच्या, पुढच्या रविवारी तिथूनच सुरू करायचं.

एकदा त्यानं मला विचारलं, "आई, रेजिमेंटचा इतिहास पाठ करायचाय. १७६८ ला उभी राहिली हे लक्षात राहतं, पण मराठा दिन ४ फेब्रुवारीलाच का?" मी दरवर्षी चौथीच्या वर्गाला तानाजी मालुसऱ्यांचा धडा शिकवते. १६७० चा कोंढाणा, घोरपड, दोर, शेलारमामा. मी सांगत गेले आणि तो मोठ्यानं हसला: "आई, हे तर तूच मला शाळेत शिकवलं होतंस." त्या रविवारी ना मी रडले ना तो. बोलायला असा एखादा धागा शोधून ठेवा. शेतीचा असेल, क्रिकेटचा असेल, त्याच्या कबुतरांचा असेल.

आता सगळ्यात महत्त्वाचं. फोनवर खोटं बोलू नका. ही आमची सगळ्यात मोठी चूक. तिसऱ्या महिन्यात सासऱ्यांना छातीत दुखून गडहिंग्लजला दवाखान्यात ठेवलं होतं. 'त्याला कशाला सांगायचं, तिकडे मन लागणार नाही' असं ठरवून आम्ही दोन रविवार 'आजोबा शेतावर गेलेत' सांगितलं. पुढे चुलतभावाशी बोलताना त्याला कळलं. आम्हाला वाटलं होतं तो आजोबांसाठी रडेल. तो चिडला होता. म्हणाला, "आता तुम्ही सगळं बरं आहे म्हणालात तरी मला पटणार नाही." पुढचे सहा रविवार तो प्रत्येक गोष्ट दोनदा विचारायचा. ज्याच्या हाती देश हत्यार देतो आहे, त्याला घरची बातमी झेपणार नाही असं आम्ही ठरवून टाकलं होतं. पोरावर आपला विश्वास आहे असं आपण गावभर सांगतो. तो आहे की नाही, हे पोर अशाच वेळी बघतं.

म्हणून वाईट बातमी सांगायची, पण पुरी सांगायची: काय झालं, डॉक्टर काय म्हणाले, कोण जवळ आहे, तू यायची गरज आहे की नाही. अर्धवट सांगितलेली बातमी रात्रभर वाढत राहते. गरज खरीच मोठी असेल तर कंपनीच्या कार्यालयात कळवा. तो नंबर पहिल्याच फोनमध्ये त्याच्याकडून घेऊन भिंतीवर लिहून ठेवा. आणि किरकोळ कुरबुरी, म्हणजे भावाभावांची वाटणी, वहिनीचं-सासूचं, पाण्याच्या पाळीचं भांडण, हे मात्र अजिबात नको. ते लपवणं वेगळं. त्यात त्याला करण्यासारखं काही नसतं.

फोनच्याच संदर्भात एक सावधगिरी. अनोळखी नंबर उचलावे लागतात, कारण पोराचा फोन तसाच येतो. याचा फायदा घेणारे लोक आहेत. 'तुमच्या मुलाला अपघात झालाय, लगेच पैसे टाका' असा फोन आला तर काय करायचं ते आधीच ठरवा. आम्ही घरातला एक प्रश्न ठरवला होता, ज्याचं उत्तर फक्त घरच्यांना माहीत. त्याशिवाय एक रुपया नाही, ओटीपी तर नाहीच. तसंच वर्दीतला फोटो, कंपनीचं नाव, कुठे आणि कधी जाणार, हे स्टेटसला ठेवू नका. कौतुक वाटतं हे मला कळतं. छातीला लावून ठेवा, मोबाइलवर नको.

"मला घरी यायचंय"

हे वाक्य कधीतरी येतं, बहुतेक दुसऱ्या महिन्याच्या आसपास. ज्यांच्या घरी आलं नाही त्यांनी ते ऐकलं नाही, इतकंच.

आमच्याकडे आलं तेव्हा मालक म्हणाले, "गावात फ्लेक्स लावलाय, तोंड कुठं दाखवू?" फोन ठेवल्यावर आमचं भांडण झालं. त्यांच्या मनात वाईट नव्हतं, पण पोराला एवढंच ऐकू आलं की आपण फ्लेक्ससाठी तिथे आहोत. मी बोलले असते तर मीही चुकलेच असते, कारण माझ्या तोंडावर 'ये बाळा' होतं. दोन्ही चूक. मनात आलं म्हणून तिथून निघता येत नाही, आणि पोराला ते माहीत असतं. त्याला निघायचं नसतंच. आपण दमलोय हे कुणीतरी ऐकावं, एवढंच त्याला हवं असतं.

ऐका. मग विचारा, "आज काय झालं?" नव्वद टक्के वेळा गोष्ट आजचीच असते: उस्ताद बोलला, फायरिंगला गोळ्या निशाण्यावर लागल्या नाहीत, ताप होता तरी पळाला. आजची गोष्ट बोलून झाली की म्हणा, "पुढच्या रविवारी पुन्हा याच विषयावर बोलू." आणि पुढच्या रविवारी खरंच विषय काढा. आमच्या पोरानं पुढच्या रविवारी विचारलं, "कुठला विषय?"

पण एक फरक ओळखा. दमलेलं पोर चिडतं, रडतं, तक्रार करतं. बोलणंच बंद झालेलं, झोप उडालेलं, जेवण तुटलेलं, 'माझा काही उपयोग नाही' म्हणणारं पोर दमलेलं नसतं, ते आजारी असतं. तेव्हा धीराचे शब्द पुरे पडत नाहीत. लगेच कंपनीत फोन करून वरिष्ठांना स्पष्ट सांगा. यात लाज कसली? तिथे डॉक्टर आहेत.

पाय

रिक्रूटांच्या दुखण्यात नडगीचा नंबर पहिला. कडक जमीन, नवे बूट, रोजचं पळणं यानं नडगी दुखू लागते, आणि दुखणं अंगावर काढलं तर हाडाला बारीक तडा जातो. पोरं सांगत नाहीत, कारण पीटी चुकली तर मागे पडू ही भीती. घरून 'सहन कर' म्हणू नका. एकाच जागी बोटानं दाबल्यावर दुखत असेल, रात्रीही दुखत असेल, तर एमआय रूमला, म्हणजे तिथल्या दवाखान्यात जा, असं सांगा. घरून वेदनाशामक गोळ्या, कुणी सांगितलेली पावडर, इंजेक्शन पाठवू नका. गोळीनं दुखणं दबतं आणि पोर तडा गेलेल्या हाडावर पाच किलोमीटर पळतं. पायाच्या बोटांतली चिखली, जांघेतलं गजकर्ण यांचंही तेच. लाजू नको, दाखव, असं आईनं म्हणायला हवं. वडिलांना बहुतेक पोरं हे सांगत नाहीत.

आमच्या मुलाला असाच तडा गेला. लष्करी दवाखान्यात राहिला, आणि मागच्या बॅचमध्ये टाकला गेला. याला रेलिगेट होणं म्हणतात. ज्यांच्याबरोबर पेटी उघडली, ती पोरं पुढे निघून जातात, आणि आपलं पोर नव्या चेहऱ्यांत परत आधीचेच धडे गिरवतं. त्याच्या गावी, म्हणजे आमच्या गावी, दुसऱ्या एका घरचं पोर वेळेवर बाहेर पडलं आणि त्याची मिरवणूक आमच्या दारावरून गेली. मी दारात उभी राहून त्याला ओवाळलं. आत येऊन बसले.

त्या रविवारी त्यानं विचारलं, "लोक काय म्हणतात?" मी खरं सांगितलं: "विचारतात. मी सांगते पाय बरा होतोय, उशिरा येईल." तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "एवढंच सांग. बरोबर आहे." रेलिगेट होणं नापास होणं नाही. हाड जुळायला वेळ देणं आहे. हे घरातल्या प्रत्येकाला, विशेषतः आत्या-मामांना, एकदा बसवून समजावून ठेवा, म्हणजे सुट्टीत जेवणाच्या ताटावर कुणी विषय काढणार नाही.

याच काळात मालकांनी ओळख काढली. लांबच्या नात्यातले एक निवृत्त सुभेदार, त्यांना गाठून 'जरा हलकं काम मिळतं का बघा' म्हणाले. ते सुभेदार शहाणे होते. त्यांनी कुणाला फोन केला नाही. उलट मालकांना बसवून विचारलं, "उद्या त्याच्या शेजारी उभं राहणाऱ्या जवानाला त्याच्यावर भरवसा ठेवायचाय. तुमच्या ओळखीवर ठेवायचा का त्यानं?" ओळख काढू नका. पोराला कळलं तर तो तुम्हाला माफ करायला वेळ घेईल.

पैसा

इथे आकडे स्पष्ट असू द्या, कारण गावात भलतेच आकडे फिरतात. अग्निवीर ज्यातून लागतात ती अग्निपथ योजना १४ जून २०२२ ला जाहीर झाली. पहिल्या वर्षी महिन्याला ३०,००० रुपये, पण त्यातले ३० टक्के सेवा निधीत जातात आणि हातात २१,००० येतात. चौथ्या वर्षी ४०,००० पैकी हातात २८,०००. सेवा निधीत तेवढीच रक्कम सरकार घालतं. चार वर्षांनी व्याजासह सुमारे ११.७१ लाख मिळतील, असं योजना जाहीर करताना सांगितलं होतं. निवृत्तिवेतन नाही, आणि बॅचमधले जास्तीत जास्त २५ टक्के पुढे कायम होतात.

यावरून तीन गोष्टी. पोराच्या पगारावर घराचं कर्ज, ट्रॅक्टर, बहिणीचं लग्न उभं करू नका. चार वर्षांनंतरचा पैसा त्याच्या पुढच्या आयुष्याचा पाया आहे, त्याची वाटणी आज घरात करू नका. आणि एटीएम कार्ड त्याचं त्याच्याकडेच राहू द्या. घरी किती पाठवायचे हे त्यानं सांगायचं. आमच्यानं पहिल्या पगारातून आजोबांच्या औषधांचे पैसे पाठवले. आम्ही मागितले नव्हते.

दहावीवर लागलेल्या पोरांसाठी मुक्त शाळेतून बारावीचं प्रमाणपत्र आणि पुढे इग्नूची पदवी अशी सोय जाहीर झाली आहे. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांत माजी अग्निवीरांना १० टक्के जागाही २०२२ मध्ये जाहीर झाल्या होत्या. हे प्रशिक्षण सुरू असताना त्याच्या मागे लावू नका, पण पहिल्या सुट्टीत शांतपणे बोला. पुढे कायम होण्यासाठीचं मोजमाप चारही वर्षं सुरू असतं, हे त्याला तुमच्यापेक्षा चांगलं माहीत असतं.

कसम परेड

प्रशिक्षण संपताना शपथेची परेड होते, तिचं बोलावणं आलं की सगळा गाव यायला निघतो. जीप भरून जाऊ नका. किती जणांना प्रवेश आहे ते विचारून तेवढेच जा. आदल्या संध्याकाळीच पोचा, कारण परेड सकाळी लवकर असते. मूळ ओळखपत्र प्रत्येकाजवळ हवं. रेल्वेनं येणाऱ्यांना मिरजेहून बेळगाव सोपं. म्हाताऱ्यांसाठी टोपी, पाण्याची बाटली, सकाळच्या गोळ्या.

पोर ओळखू येणार नाही, ही तयारी ठेवा. शेकडो सारखे चेहरे, सारखी पावलं. मी डाव्या पायाच्या ढबीवरून ओळखायला बघत होते, पण ती ढबही ड्रिलनं गेली होती. शपथ होते, 'बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय' अशी आरोळी उठते, आणि अंगावर काटा येतो. नंतर आईवडिलांना गौरव पदक दिलं जातं. याची आम्हाला कल्पना नव्हती. मालकांच्या सदऱ्याला ते लागलं, तेव्हा हा माणूस, जो फोनवर फ्लेक्सचं बोलला होता, तो खाली मान घालून उभा राहिला. मुलानं त्यांना सॅल्यूट केला आणि मग पाया पडला. माझ्या पदकाची पिन नीट बसत नव्हती. मुलानंच ती बसवली.

पहिली सुट्टी

प्रशिक्षणानंतर पलटणीत हजर होण्याआधी बहुधा काही दिवस मिळतात. अकॅडमीचा सत्कार, शाळेतलं भाषण, मंडळाचा नारळ, मामाकडचं जेवण, सगळे रांगेत असतात. पहिले दोन दिवस दार लावून घ्या. त्याला झोपू द्या. तरी तो चारला उठेल, अंथरुणाची घडी घालेल, तीन मिनिटांत जेवेल आणि ताट घासून ठेवेल. ताट हातातून ओढून घेऊ नका.

लग्नाचा विषय काढू नका. पोस्टिंग कुठे हे दहा जणांना सांगत फिरू नका, गाडीचा दिवसही नको. बोलत बसा म्हणून मागे लागू नका. आमचा तिसऱ्या दिवशी उसात पाणी पाजायला गेला तेव्हा बांधावर बसून आपोआप बोलला.

आणि निघताना पेटी त्याची त्याला उचलू द्या. सोबत प्रवासात टिकेल असंच द्या: दशम्या, शेंगदाण्याची चटणी, थोडा गूळ. दशम्या मोजून करू नका, दहा-बारा जास्तच टाका. गाडीच्या त्याच डब्यात त्याच्या बॅचची आणखी पोरं असतात, आणि सगळ्यांचं गाव गडहिंग्लजइतकं जवळ नसतं.